रुखवतावरचं नाव

कार्यालयाच्या दारात गुलाबपाणी शिंपडायला उभ्या असलेल्या बाईनं मला अडवून विचारलं, “मुलीकडच्या का मुलाकडच्या?”

“रुखवताकडची,” मी म्हणाले आणि आत शिरले.

तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण तिनं माझ्यावर दोनदा गुलाबपाणी उडवलं. मी आमंत्रणाशिवाय आले होते, ठेवणीतली जांभळी इरकल नेसून आले होते आणि भांडायला आले होते. मसूरचं अक्षता कार्यालय, वैशाखातली सकाळ, मुहूर्त बारा पस्तीसचा. घड्याळात साडेदहा झाले होते. म्हणजे भांडायला दोन तास हाताशी होते, आणि माझं भांडण साधारण वीस मिनिटांत आटोपतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि माझं डोकं आत्तापेक्षा लवकर तापायचं.

मी कराडला रुखवत करते. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडचे लोक भिंतीला टेबल लावून तिच्या हातची कला म्हणून जे मांडतात ना, ते. पुठ्ठ्याचं कौलारू घर, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, शेवयांची पालखी, तांदळाची सप्तपदी, अंगणात तुळस, विहिरीवर रहाट. पूर्वी हे सगळं नवरी आणि तिच्या मावश्या मिळून करायच्या. आता नवरी नोकरी करते, मावश्या मालिका बघतात आणि रुखवत माझ्या घरून जातं. टेबलावर मांडलं की मुलीची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, सगळं आमच्या मुलीनं केलंय हो. माझी त्याला कधीच हरकत नव्हती. लग्नात एवढं खोटं चालतं.

हरकत होती ती उंब्रजच्या सोनपावली आर्टला. ती बाई मी कधी पाहिली नव्हती. इंटरनेटवर तिचं पान होतं आणि त्या पानावर माझी रुखवतं होती. मी महिनाभर खपून एखादं घर करावं, माझ्या पानावर त्याचा फोटो टाकावा, की चौथ्या दिवशी तेच घर उंब्रजला बांधून तयार. खाली लिहिलेलं, ‘आमची नवीन कलाकृती, ऑर्डरसाठी संपर्क’. फोटोत मागं आमच्या स्वयंपाकघराचा पडदा जसाच्या तसा. एका बाईनं तर खाली त्या पडद्याचंसुद्धा कौतुक केलं होतं.

आमचे हे बाजार समितीत हेडक्लार्क. त्यांनी मोबाईलवर फोटोवर नाव टाकायचं ॲप घेऊन दिलं, त्याला वॉटरमार्क म्हणतात हेही सांगितलं. आधी मी कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव टाकलं. सोनपावलीनं कोपराच कापला. मग मी खालच्या कडेनं टाकलं. तिनं तळ कापला. घराचं अंगण गेलं, घर हवेत लटकायला लागलं, तरी लोक ‘खूप छान’ म्हणतच होते. मग मधोमध टाकलं, तर तिनं त्यावर गुलाबाच्या फुलाचं चित्र ठेवलं. जिवंतपणी माझ्या नावावर कुणी फूल वाहिलेलं मला आवडलं नाही. शेवटी मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं, ठळक, ‘सौ. मंदाकिनी तोडकर, कराड’ आणि त्याखाली मोबाईल नंबर असं टाकायला सुरुवात केली. हे म्हणाले, आता कुणी चोरणार नाही, कारण आता आत काय आहे तेच दिसत नाही. पण त्यांनीही हातभार म्हणून प्रत्येक फोटोखाली आपल्या ऑफिसच्या भाषेत एक ओळ लिहून दिली. ‘सदर छायाचित्रावरील नाव काढून टाकल्यास संबंधितांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ कारवाई म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण वाचायला दमदार वाटायचं.

इथवर सगळं चेष्टेवारी नेता आलं असतं. पण त्या चैत्रात डॉक्टर शिर्क्यांच्या मिसेस, उज्ज्वलाताई, मुलीच्या लग्नासाठी रुखवत बघायला माझ्याकडे आल्या. एकावन्न वस्तूंचं, कराडात कुणी पाहिलं नसेल असं रुखवत त्यांना पाहिजे होतं. मी मोठ्या उत्साहानं फोटो दाखवायला लागले, तर दुसऱ्याच फोटोला त्या थांबल्या. म्हणाल्या, हे तर मी उंब्रजच्या पानावर पाहिलंय. मी सांगितलं, ते माझंच आहे, तिनं चोरलंय. त्या हसल्या. फार सभ्य हसल्या.

“सगळ्या असंच म्हणतात हो,” त्या म्हणाल्या. “आम्हाला कॉपी नकोय. ज्यानं पहिलं केलं त्याच्याकडूनच घ्यायचंय. तुम्ही खात्री करून द्या, मग बघू.”

स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या हातची वस्तू दाखवून मी चोर ठरले. नुसती ऑर्डर गेली असती तर मी दोन दिवस चरफडून गप्प बसले असते. पण या बाई ज्या ज्या घरी चहाला जाणार तिथं हेच सांगणार होत्या. पंधरा वर्षं मान मोडेपर्यंत काम करून जे नाव केलं, ते आता उंब्रजच्या बाईची नक्कल म्हणून ओळखलं जाणार. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि मी न जेवणं ही आमच्या घरात मोठी बातमी असते.

मग एका सकाळी चपात्या लाटताना फोन आला. पलीकडे कुणी म्हातारबाबा होते.

“ताई, रुखवत लई झ्याक केलंय बघा तुमी. आमच्या नातीचं बी करायचंय.”

कुठं पाहिलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, “म्हंजी काय, म्होरंच हाय की. मसूरला, अक्षता कार्यालयात. तुमचं नाव हाय, नंबर हाय. त्येच्यावरनंच तर लावला फोन.”

मसूरला त्या दिवशी माझं एकही रुखवत गेलं नव्हतं. तव्यावरची चपाती करपली. मसूर उंब्रजहून काही लांब नाही. सोनपावलीनं माझ्या फोटोवरून रुखवत करून विकलं होतं, आणि काय गडबड केली देव जाणे, पण माझं नावसुद्धा सोबत गेलं होतं. चोर मुद्देमालासकट सापडला होता. मी लगेच उज्ज्वलाताईंना फोन लावला. म्हटलं, खात्री पाहिजे होती ना, मसूरला या आणि डोळ्यांनी बघा. त्या म्हणाल्या, अकरापर्यंत पोचते. मी गॅस बंद केला, कपाटातून इरकल काढली आणि ह्यांना सांगितलं, कारवाई करायला चाललेय.

तर अशी मी आत शिरले. रुखवताचं टेबल डाव्या भिंतीला होतं आणि त्याच्यापुढं बायकांचा घोळका. कोपरानं वाट काढत मी पुढं गेले, आणि जे दिसलं त्यानं मी भांडायचंच विसरले.

घर माझं होतं. पालखी माझी, विहीर माझी, सप्तपदी माझी. आणि प्रत्येक वस्तूवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिरकं, मोहरीचे दाणे एकेक चिकटवून लिहिलं होतं, ‘सौ. मंदाकिनी तोडकर, कराड’. त्याखाली नंबर, दहाच्या दहा आकडे. घराच्या कौलांवरून ‘सौ.’ खाली उतरत होतं, भिंतीवर मी होते आणि कराड तुळशीपाशी पोचलं होतं. एक अक्षर बरोबर पुढच्या दारावर आलं होतं, त्यामुळे ते दार उघडायची सोय राहिली नव्हती. फोटोत जी अक्षरं वस्तूवर न येता मागच्या मोकळ्या जागेवर आली होती, तीसुद्धा सोडली नव्हती. बारीक तार ताणून ती हवेत उभी केली होती. शाळेच्या दाखल्यावरसुद्धा माझं नाव कुणी एवढ्या काळजीनं लिहिलं नसेल.

मला आधी हसू आलं. मग आपण कशाला आलोय ते आठवलं आणि मी मोठ्यांदा म्हणाले, “हे रुखवत माझं आहे.”

सगळ्या बायका वळल्या. त्यांतून हिरव्या शालूतली एक उंच बाई पुढं आली. ती नवऱ्या मुलाची आत्या होती, गोदाआत्या. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तुम्हीच का मंदाकिनी, कराडच्याच का, असं दोनदा विचारून घेतलं. मी दोन्ही वेळा हो म्हणाले. तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, “ऐका गं बायांनो. दुकानवाली सोता आली.”

मग मला समजलं की मी भलत्याच भांडणात येऊन पडलेय. नवरीची आई, शोभाताई घाडगे, लग्न ठरल्यापासून सगळ्यांना सांगत होती की रुखवत आमच्या तेजलनं स्वतः केलंय, चार महिने बसून. सकाळी गोदाआत्या टेबलापाशी आली, तिनं नाव वाचलं, नंबर वाचला आणि म्हणाली, इकत आणलं तर आणलं, निदान दुकानाचं नाव तरी काढायचं. शोभाताई शपथा घेत होती. आत्या म्हणत होती, आज रुखवताचं खोटं निघालं, उद्या पोरीच्या डी.एड.च्या सर्टिफिकिटावर बी दुसरीचंच नाव निघंल. अर्धा तास हे चाललं होतं, आणि आता मी इरकल नेसून साक्षीला हजर झाले होते.

“सांगा की ओ ताई,” शोभाताई मला म्हणाली. “तुमच्याकडनं घेतलंय का आमी?”

“माझ्याकडून नाही,” मी म्हणाले. तिच्या जिवात जीव आला. “चोराकडून घेतलंय.”

शोभाताई मटकन खुर्चीत बसली. आत्यानं माझ्यासाठीही खुर्ची मागवली, वर पन्हं मागवलं. एवढा मान मला कुठल्याच गिऱ्हाइकानं दिला नव्हता. मी ते पन्हं प्याले. आज हे सांगताना लाज वाटते, पण प्याले.

तेवढ्यात नवरीच्या खोलीतून निरोप आला, त्या रुखवतवाल्या काकूंना आत पाठवा. मी ताठ मानेनं गेले. म्हटलं, बरं झालं, उंब्रजच्या बाईचं नाव-गाव आता हिच्याकडूनच वदवून घेऊ. आत नवरी मुंडावळ्या बांधून बसली होती. काजळ एकाच डोळ्यात घातलेलं, दुसरं घालायच्या आत बाहेरचा आवाज तिच्या कानावर गेला असणार. तिनं मैत्रिणींना बाहेर काढलं, दार लोटलं आणि मी तोंड उघडायच्या आत वाकून माझ्या पाया पडली.

तिचे हात माझ्या पायांवर होते, म्हणून मला ते दिसले. मेंदी कोपरापर्यंत होती, पण डाव्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या टोकाला ती रंगली नव्हती. तिथं पांढरे चट्टे होते. आमच्या कामात वस्तू डाव्या हातात धरतात आणि उजव्या हातातल्या ग्लू गननं गरम गोंद सोडतात. तो गोंद पहिली दोन-तीन वर्षं हमखास डाव्या बोटांवर पडतो. मी खाली बसले आणि माझा डावा हात तिच्या हाताशेजारी धरला. माझे चट्टे जुने, तिचे नवे, पण जागा त्याच होत्या.

“तू केलंस?” मी विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“हो. तुमचे फोटो बघून.”

“आणि नाव कशाला घातलंस गं बाई?”

तिला माझा प्रश्नच कळला नाही. “तुम्हीच लिहिलं होतं ना खाली, नाव काढलं तर कारवाई होईल म्हणून.” मग म्हणाली, “आणि नसतं लिहिलं तरी घातलं असतं. तुमचं बघून केलं, मग तुमचं नाव नको? देवळात पंखा दिला तरी पात्यांवर नाव असतं.”

तिनं बरंच काही सांगितलं. एकसारखे दाणे मिळावेत म्हणून तिनं तीन आठवडे नुसती मोहरी निवडली होती. हवेतल्या अक्षरांसाठी शेजारच्या वायरमनकडून तार आणली होती. मला पानावर निरोपही पाठवला होता, काकू, तुमचं बघून केलं तर चालेल का. तो मी पाहिलाच नव्हता. मी त्या दिवसांत सोनपावलीच्या पानाकडे डोळे लावून बसले होते, माझ्या पानावर कोण काय विचारतंय ते बघायला मला सवड कुठली. जिनं माझं नाव पुसलं तिचं मी काही वाकडं करू शकले नव्हते. आणि जिनं ते दाण्यादाण्यानं जपलं, तिला भर मांडवात चोराचं गिऱ्हाईक ठरवून आले होते, वर पन्हं पिऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझं काही नाही हो,” तेजल म्हणाली. “मी कुणालाही पुन्हा करून दाखवीन. तुम्ही बाहेर फक्त एवढं सांगा की आई खोटं बोलली नाही. तिला आजच्या दिवशी खोटारडी म्हटलेलं मला ऐकवत नाही.”

मी बाहेर आले तर टेबलापुढं उज्ज्वलाताई उभ्या. डोळ्यांवर चष्मा चढवून त्या कौलांवरचं नाव वाचत होत्या. या वेळी त्या वेगळं हसल्या. म्हणाल्या, पटली हो खात्री, उंब्रजच्या बाईला नावसुद्धा काढायचं सुचलं नाही, एकावन्नच्या एकावन्न वस्तू आता तुमच्याच. म्हणजे ज्यासाठी मी आले होते ते सगळं समोर उभं होतं. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. ते मला कधीच जमलेलं नाही.

“हे माझं नाही,” मी म्हणाले.

उज्ज्वलाताईंचं हसू मावळलं. गोदाआत्या पुढं आली.

“नाव तुमचं, नंबर तुमचा. मगाशी तुमीच म्हनला, माजं हाय. आता?”

“मगाशी मी चुकले. तेजलनं केलंय. फोटो माझा, हात तिचा.”

“आत जाऊन काय कबूल करून आला पोरीला?” आत्या म्हणाली, आणि चार बायका हसल्या.

आत्याचं काही चुकत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. बोटांवरचे चट्टे दाखवून उपयोग नव्हता, ते कुणाला वाचता आले असते? मी घराकडे बघत राहिले, आणि एकदम मला आठवलं की माझ्या घरांना मागची बाजू नसते. फोटो पुढून काढायचा, टेबल भिंतीला लावायचं, मग मागं कोण बघतंय. मी तिथं जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवून मोकळी होते. म्हणजे तेजलनं जर फोटो बघून केलं असेल, तर मागं तिनं काय केलंय ते माझ्याकडून घेतलेलं असणं शक्यच नव्हतं.

“घर फिरवा,” मी म्हणाले.

म्हणाले खरं, पण लगेच शंका आली. जी मुलगी हवेतली अक्षरंसुद्धा सोडत नाही, ती फोटोत नसलेलं काही करेल कशाला? मागं नुसता कोरा पुठ्ठा निघाला तर तो माझाही असू शकतो आणि सोनपावलीचाही. दोघी बायकांनी घर उचललं, तारेवरची अक्षरं सांभाळत सावकाश फिरवलं आणि खाली ठेवलं.

मागं परडं होतं. कुठल्याही घरामागं असतं तसं. मागचं दार उघडं, उंबऱ्यावर मांजर झोपलेलं. डाव्या अंगाला मोरी, बाटलीच्या झाकणाची बादली, सुतळीची दोरी बांधून त्यावर चिंध्यांचे एवढे एवढे कपडे वाळत घातलेले. शेवग्याच्या झाडाला हिरव्या दोऱ्याच्या शेंगा. आणि मोरीपाशी बोटाएवढी बाई, पाठमोरी, पदर कमरेला खोचून भांडी घासत बसलेली. भांडी म्हणजे शर्टाची बटणं. या बाजूला माझं नाव कुठंच नव्हतं.

गोदाआत्या वाकून बघत होती. “ही कोन?” तिनं विचारलं.

शोभाताई खुर्चीतून उठून आली. तिनंही ही बाजू पाहिलेली नव्हती. घर चार महिने भिंतीला टेकून होतं. “आमचं परडं हाय हे,” ती म्हणाली. मग तिनं त्या बाईच्या साडीला बोट लावलं. “माझी मोरपंखी,” ती म्हणाली. “संक्रांतीपास्नं शोधतीय मी ही.” आणि नवरीच्या खोलीकडे तोंड करून, घरात ओरडावं तशी ओरडली, “तेजे, साडी कापलीस व्हय गं?”

“फाटकीच होती की,” आतून आवाज आला.

सगळा हॉल हसला. शोभाताईही हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. तिनं नव्या साडीचा पदर डोळ्यांना लावला आणि त्या बोटाएवढ्या बाईकडे बघत उभी राहिली. मला तेजलचा भयंकर हेवा वाटला. पंधरा वर्षांत मी शेकडो घरं बांधली होती आणि त्यांतल्या एकाही घरात कुणी राहत नव्हतं.

आत्या बराच वेळ वाकून होती. सरळ झाल्यावर तिनं शोभाताईला विचारलं, “मोरी डाव्या अंगाला हाय व्हय तुमची?”

“हां.”

“आमची बी,” आत्या म्हणाली, आणि लगेच बायकांवर डाफरली की मुहूर्त तोंडावर आलाय आणि उभ्या काय राहिलाय, पोरीच्या दुसऱ्या डोळ्यात काजळ कोण घालणार. ती माफी होती हे तिथल्या प्रत्येकीला कळलं. घर मात्र कुणी परत फिरवलं नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी माझं नाव भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

निघताना उज्ज्वलाताईंनी मला गाडीपाशी गाठलं. त्यांना तसंच घर पाहिजे होतं, मागून तसं. मी म्हटलं, पुढचं माझं आहे, मागचं नाही.

“मग जिनं पहिलं केलं तिला विचारा,” त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

मी पंधरा दिवसांनी तेजलला फोन केला. ती फलटणला सासरी होती, मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तुझं परडं मी घेऊ का, असं विचारताना माझी जीभ अडखळली, कारण आजवर हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता आणि मलाही कुणी विचारला नव्हता. एकीनं विचारला होता, तर मी बघितला नव्हता.

ती हसायला लागली. “घ्या की काकू. तुम्ही हो म्हणायच्या आधीच मी तुमचं नाव घातलं होतं ना?” मग म्हणाली, “फक्त तिथं माझी आई बसवू नका. जिचं लग्न असेल तिची आई बसवा.”

उज्ज्वलाताईंची मुलगी मला गुपचूप येऊन भेटली. आई भांडी घासत नाही, ती म्हणाली, पण दुपारी मागच्या पायरीवर बसून बाबांना चोरून खारे दाणे खाते. डॉक्टरांनीच त्यांचं मीठ बंद केलं होतं. तिनं आईच्या जुन्या गाऊनचा तुकडा आणून दिला. मार्गशीर्षात लग्न झालं. उज्ज्वलाताईंनी रुखवत लावून झाल्यावर सगळ्यांत आधी घराच्या मागं डोकावून पाहिलं. मग इकडंतिकडं बघून त्या मागच्या पायरीपुढं अशा उभ्या राहिल्या की डॉक्टरांना काही दिसू नये. जाताना त्यांनी माझा हात दाबला.

पाहुण्यांनी मात्र मागच्या बाजूचे भरपूर फोटो काढले, आणि पाहुण्यांच्या फोटोवर कुठला आलाय वॉटरमार्क. दहा दिवसांत तेच परडं सोनपावलीच्या पानावर हजर. तीच पायरी, तोच गाऊन, तेच खारे दाणे. ह्यांनी पेन काढून विचारलं, कारवाई करायची का. मी म्हटलं, थांबा जरा.

महिन्याभरानं एका अनोळखी मुलीचा निरोप आला. या वेळी मी तो लगेच वाचला. तिनं लिहिलं होतं, ‘काकू, मी सोनपावलीकडून रुखवत घेतलंय. सगळं छान आहे, पण मागं बसलेली बाई आमच्या आईसारखी दिसत नाही. आमची आई दाणे खात नाही. तुम्ही दुसरी करून द्याल का?’

मी पिठाचे हात पुसले आणि उत्तर लिहिलं, ‘आईची जुनी साडी मिळेल का? तिला विचारू नकोस.’